गाण्याची खतावणी

पाडव्याच्या सुमारास पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. राहुटीवर फडमालकाच्या नावाचा फलक, आत बसायला खुर्च्या आणि टेबलावर वही. चैत्र-वैशाखात ज्यांच्या गावची जत्रा असते ती पंचमंडळी या राहुटीतून त्या राहुटीत हिंडतात, घासाघीस करतात, तिथी ठरवतात, विसार देतात आणि सुपारी फुटते. वहीत गावाचं नाव, जत्रेची तिथी आणि ठरलेली रक्कम लिहिली जाते. तमाशाचा अर्धा धंदा या वहीत आहे. आपलं गिऱ्हाईक कोण, ते कुठल्या गावचं आणि गेल्या साली त्यानं काय मोजलं, हे फडमालकाला ठाऊक असतं.

घरच्या घरी माइक लावून, संगणकावर मिक्सिंग करून स्वतःचं गाणं स्वतः नेटवर चढवणाऱ्या आजच्या पोरापोरींना नेमकं हेच ठाऊक नसतं. गाणं किती वेळा वाजलं हे कळतं. पुण्यात किती, मुंबईत किती, दुबईत किती हेही कळतं. पण ऐकणारा एकही माणूस नावानिशी माहीत होत नाही. दुसरीकडे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांच्यावर कुणाचा किती हक्क, हे बहुतेकांनी कधी कागदावर उतरवलेलं नसतं. म्हणजे वहीची दोन्ही पानं कोरी.

या मंडळींना सल्ल्यांची मात्र वाण नाही. यूट्यूब उघडावं तर 'रील व्हायरल कशी करावी', 'प्लेलिस्टमध्ये कसं शिरावं', 'तीन महिन्यांत दहा हजार फॉलोअर' असल्या व्हिडिओंचा पाऊस. त्यातले काही खरंच कामाचे असतात. स्पॉटिफाय आणि यूट्यूब कलाकारांसाठी स्वतःचं मार्गदर्शनही फुकट देतात आणि ते नीट केलेलं आहे, फक्त ते त्यांच्या सोयीच्या प्रश्नांपुरतं आहे. एकूण भर ओरडण्यावर, हिशेबावर जवळपास काहीच नाही. माझं म्हणणं असं की क्रम उलटा हवा. आधी खतावणी, मग दवंडी.

हे ज्याला फार लवकर उमगलं तो माणूस अमेरिकेतला. डेरेक सिव्हर्स हा न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉक गावात राहणारा गायक-वादक. १९९७ साली त्याला स्वतःची सीडी नेटवर विकायची होती. तेव्हा मोठी दुकानं कंपनीच्या शिक्क्याशिवाय माल घेत नसत. त्यानं ठरवलं, आपणच विकू. त्या काळी क्रेडिट कार्डाचे पैसे स्वीकारायचे तर बँकेला हजार डॉलर भरावे लागत, तीन महिने कागदपत्रं चालत आणि बँकेचा माणूस जागा बघायला येई. हे सगळं सोसून त्यानं आपल्या संकेतस्थळावर 'विकत घ्या'चं बटण लावलं. मग ओळखीचे वादक म्हणू लागले, आमचीही सीडी ठेव. १९९८ साली यातूनच 'सीडी बेबी' सुरू झालं. दर साधा होता: सीडी ठेवायचे ३५ डॉलर एकदाच, आणि प्रत्येक विक्रीमागे ४ डॉलर. हा चार डॉलरचा आकडा त्यानं गावातल्याच दुकानावरून उचलला होता.

सुरुवातीलाच त्यानं चार गोष्टी ठरवल्या. पैसे दर आठवड्याला द्यायचे. सीडी कमी खपते म्हणून कुणाला काढायचं नाही. पैसे घेऊन कुणाची सीडी पुढे मांडायची नाही. आणि चौथी, मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती: विकत घेणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता कलाकाराला कळवायचं. तोवर दुकानांतून सीडी विकणाऱ्या कलाकाराला आपलं गिऱ्हाईक कोण हे कळायची सहसा सोय नव्हती. ते वितरकाला आणि दुकानदाराला माहीत. सिव्हर्सनं नारायणगावच्या राहुटीतली वही वादकाच्या हातात दिली, असं आपण म्हणू शकतो.

त्याची आणखी एक हकीगत सांगण्याजोगी आहे. २००३ साली ॲपलनं आयट्यून्सचं दुकान उघडलं आणि छोट्या कंपन्यांनाही बोलावलं. सिव्हर्सनं आपल्या कलाकारांकडून चाळीस-चाळीस डॉलर घेऊन त्यांची गाणी तिकडे पाठवायची तयारी केली. करार काही केल्या येईना. त्यातच स्टीव्ह जॉब्ज यांनी एका जाहीर भाषणात, चाळीस डॉलर भरून आत येऊ पाहणारी गाणी आम्ही नाकारतो, अशा अर्थाचा टोला हाणला. रोख कुणावर हे उघड होतं. सिव्हर्सनं पाच हजार कलाकारांचे मिळून दोन लाख डॉलर परत केले आणि यापुढे हातात नसलेल्या गोष्टीचं वचन द्यायचं नाही असं ठरवलं. ॲपलचा सही केलेला करार त्यानंतर लगेच आला, हा भाग पुढे त्यानं स्वतःच मिश्कीलपणे लिहिला आहे. २००८ साली त्यानं कंपनी २ कोटी २० लाख डॉलरना विकली. ती रक्कम संगीतशिक्षणासाठी केलेल्या न्यासात गेली.

पुढचा भाग कमी गोड आहे. सीडी बेबी आजही आहे, लाखो गाणी पोचवते. पण तिचं स्वतःचं दुकान २०२० साली बंद झालं. आता ती गाणी स्पॉटिफाय, ॲपल, यूट्यूबकडे नुसती धाडते. दुकान गेलं आणि त्याबरोबर विकत घेणाऱ्याचं नाव-पत्ताही गेला. ट्यूनकोअर, डिस्ट्रोकिड हे नंतरचे वितरकही हेच काम करतात. वर्षाचं शुल्क किंवा कमाईतला वाटा घेऊन गाणं सगळीकडे पोचवायचं. ते काम चोख होतं. श्रोता मात्र मध्येच कुठेतरी हरवतो.

दुसऱ्याच्या वाड्यावर वही ठेवली की काय होतं, याचे दाखले भरपूर आहेत. एके काळी नवा वादक म्हणजे मायस्पेस हे समीकरण होतं. २०१९ साली त्या कंपनीनं कळवलं की सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ या काळात चढवलेलं सगळं गेलं. पाच कोटींहून अधिक गाणी! आपल्याकडे एअरटेलचं विंक हे गाण्यांचं ॲप २०१४ साली आलं आणि २०२४ साली बंद करायचं ठरलं. रेसो या तशाच ॲपनं जानेवारी २०२४ अखेर भारतातून गाशा गुंडाळला. कलाकाराला पंधरा टक्के कापून उरलेले पैसे आणि विकत घेणाऱ्याशी संपर्क देणारं बँडकॅम्प त्यातल्या त्यात सज्जन म्हणून ओळखलं जाई. ते २०२२ साली एका व्हिडिओगेम कंपनीला विकलं गेलं, पुढच्या वर्षी आणखी एकाला, आणि त्या धामधुमीत निम्म्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या. बँडकॅम्प वापरू नका असं मी म्हणत नाही, उलट परदेशातल्या मराठी श्रोत्यासाठी ते अजूनही चांगलं आहे. पण तिथली यादी दर महिन्याला उतरवून घरी ठेवावी.

केव्हिन केली या अमेरिकन लेखकानं २००८ साली 'हजार सच्चे चाहते' ही कल्पना मांडली, आणि तेव्हापासून ती प्रत्येक सल्लागाराच्या तोंडी आहे. वर्षाला शंभर डॉलर खर्च करणारे हजार चाहते मिळाले की लाख डॉलर, म्हणजे कलाकाराचा संसार चालला. आपल्याकडे हे गणित जसंच्या तसं लागू पडत नाही, कारण शंभर डॉलर म्हणजे आठ हजारांच्या वर रुपये, आणि गाण्यासाठी वर्षाला आठ हजार काढणारा मराठी रसिक विरळा. पण आकडा खाली आणा. समजा तीनशे माणसं आहेत. त्यातली चाळीस एखाद्या घरगुती बैठकीला तीनशे रुपये देऊन येतात. बारा हजार जमले. तबला, पेटी, चहा-वडा जाऊन हातात चारेक हजार राहतात, आणि अशी बैठक चार गावांत होऊ शकते. तिकिटासाठी पुण्याचं टाउनस्क्रिप्ट आहे, नाहीतर यूपीआयचा कोड दारात चिकटवला की झालं. स्ट्रीमिंगमधून तेवढे चार हजार यायला गाणं किती वेळा वाजावं लागेल, याचा हिशेब ज्यानं त्यानं आपल्या खात्यावरून करावा. माझ्या ओळखीच्यांपैकी ज्यांनी केला त्यांनी पुन्हा त्याबद्दल बोलणं टाळलं.

स्ट्रीमिंगचे पैसे कमी का येतात, हेही सांगायला हवं. एका वाजण्यामागे ठरीव दर नसतो. महिन्याची जमा एका हौदात पडते आणि एकूण वाजण्यात तुमचा जेवढा हिस्सा, तेवढं पाणी तुमच्या वाट्याला. भारताचा हौद मुळात उथळ. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये इथे आलं तेव्हा महिन्याची वर्गणी ११९ रुपये होती. तेव्हा अमेरिकेत ती दहा डॉलरच्या आसपास, म्हणजे सहापट. शिवाय आपल्याकडे फुकट ऐकणारेच जास्त. त्यात २०२४ पासून नवा नियम आला: मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला स्पॉटिफाय ध्वनिमुद्रणाचे पैसे देत नाही. हजार हा आकडा मोठा वाटत नाही, पण आठ अभंगांचा संच केलेल्या एखाद्या कोल्हापूरच्या गायिकेच्या आठांपैकी पाच अभंग या उंबरठ्याच्या अलीकडे राहू शकतात.

इथेच 'दोन हजारात पन्नास हजार स्ट्रीम' विकणारे गाठतात. त्यांच्या नादी लागू नये. नीतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हा तोट्याचा सौदा आहे. खोटं वाजवणं पकडलं गेलं की स्पॉटिफाय वितरकाकडून दंड घेतं, वितरक तो तुमच्या माथी मारतो किंवा गाणंच उतरवतो.

श्रोत्यांच्या यादीसाठी महाराष्ट्रात सगळ्यांत हाताशी असलेलं साधन म्हणजे व्हॉट्सॲप. तिथली ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची असते आणि तुमचा निरोप पोचतो फक्त ज्यानं तुमचा नंबर फोनमध्ये जपून ठेवलाय त्यालाच. लोकांना ही अडचण वाटते, मला ती चाळणी वाटते. कार्यक्रमानंतर सही किंवा सेल्फी मागणाऱ्याला म्हणावं, माझा नंबर आत्ताच्या आत्ता सेव्ह करा. जो करतो तो श्रोता. त्याचं नाव, गाव आणि कुठल्या कार्यक्रमाला भेटला, हे त्याच रात्री वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहावं. पुढच्या वेळी साताऱ्यात बैठक असेल तर साताऱ्याच्याच लोकांना कळवावं. नागपूरकरांना रोज सकाळी छळू नये.

आता वहीचं दुसरं पान, हक्कांचं. हे समजायला एक अर्ज जवळून पाहू. समजा तुम्ही तुकोबांचा अभंग गायला आहे आणि तो वितरकाच्या संकेतस्थळावर चढवताय. पहिला रकाना गाण्याच्या नावाचा. ते देवनागरीत लिहिणार की रोमनमध्ये? रोमनमध्ये 'विठ्ठल' चार तऱ्हांनी लिहिला जातो आणि श्रोता पाचव्या तऱ्हेनं शोधतो. मग मुख्य कलाकार. इथे आडनावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर तुमच्या नावाची दोन पानं तयार होतात आणि वाजल्याचे आकडे विभागले जातात. मग गीतकार: संत तुकाराम. इथवर ठीक, त्या शब्दांवर आता कुणाचाच मालकी हक्क नाही. पुढचा रकाना संगीतकाराचा. निम्मे लोक तिथे 'पारंपरिक' असं लिहून मोकळे होतात.

मराठी गाण्याच्या व्यवहारातलं हे सगळ्यांत सोयीचं खोटं. लताबाईंच्या 'अभंग तुकयाचे' मधल्या चाली घराघरांत रुजल्या म्हणून त्या परंपरेच्या होत नाहीत, त्या श्रीनिवास खळे यांच्या आहेत. खळे २०११ साली गेले. आपल्या कायद्यात कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क टिकतो, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत. 'मी डोलकर' हे कोळीवाड्यातलं जुनं गाणं आहे असं समजणारे मला अनेक भेटले. शब्द शांता शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकर यांची. तरुण गायकांचं विशेष प्रेम सुरेश भटांच्या गझलांवर. चाल तुमची स्वतःची असली तरी भट २००३ साली गेले, शब्द २०६३ अखेरपर्यंत वारसांच्या परवानगीचे. कुसुमाग्रज २०५९ पर्यंत. गदिमा २०३७ पर्यंत. उलट बहिणाबाईंचं पाहा. त्या १९५१ साली वारल्या आणि कवितांचं पुस्तक आलं १९५२ साली. मरणोत्तर छापलेल्या साहित्याला प्रकाशनापासून साठ वर्षं धरतात, त्यामुळे २०१३ पासून त्या कविता सगळ्यांच्या झाल्या आहेत. त्यांना आपली चाल लावा, बिनघोर गा. पण त्यांना एखाद्या चित्रपटात लावलेली चाल उचललीत तर ती उचलेगिरीच.

अर्जात पुढे ध्वनिमुद्रणाचा मालक विचारतात, वर्तुळातल्या 'पी' अक्षरानं दाखवतात तो. खर्च तुम्ही केला असेल तर तिथे तुमचं नाव. मित्राच्या स्टुडिओत फुकट झालं असेल तर आधी मित्राशी बोला. फुकटच्या ध्वनिमुद्रणाइतकी महाग वस्तू नाही. मग आयएसआरसी नावाचा बारा खुणांचा क्रमांक: देश, नोंदणीदार, वर्ष आणि अनुक्रमांक. बहुतेक वितरक तो आपणहून देतात. तो आपल्या वहीत उतरवून ठेवावा, कारण उद्या वितरक बदललात आणि तोच क्रमांक पुढे नेला नाही तर गाणं नव्यानं जन्मल्यासारखं शून्यावर येऊ शकतं.

आणि एवढं सगळं चोख करूनही यूट्यूबवर भलत्याचाच दावा येतो. कंटेंट आयडी ही तिथली ओळखयंत्रणा २००७ पासून आहे. तिला राग कळत नाही, आवाजाचा ठसा कळतो. दोघांनी एकाच विकतच्या ढोलकी-लूपवर किंवा एकाच ॲपमधल्या तानपुऱ्यावर गायलं आणि पहिल्यानं आपलं गाणं तिथे नोंदवलं, तर दुसऱ्यावर मालकीचा आळ येतो. गांगरून व्हिडिओ काढून टाकू नये. हरकत घ्यावी. दावेदाराला उत्तर द्यायला तीस दिवस असतात, नाही दिलं तर दावा सुटतो. अशा वेळी स्टुडिओतल्या मूळ फाइली, तारखेसह, जवळ असतील तर भांडण लहान होतं.

गाण्याला दोन वाटांनी पैसे येतात, हे तर अनेक मुरलेल्या कलाकारांनाही माहीत नसतं. ध्वनिमुद्रणाचे पैसे वितरकाकडून येतात. शब्द आणि चाल यांचे वेगळे, आणि ते गोळा करते आयपीआरएस ही १९६९ साली स्थापन झालेली संस्था. फक्त वितरकाकडे नाव घालून थांबलेल्या कवी-संगीतकाराचा दुसरा वाटा तसाच पडून राहतो. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला, त्यामागे जावेद अख्तर यांचा राज्यसभेतला आणि बाहेरचा पाठपुरावा होता. तेव्हापासून गीतकार-संगीतकारानं गाणं कंपनीला लिहून दिलं तरी रॉयल्टीतला निम्म्याचा हक्क त्याला सोडता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा अशा संस्थेला देता येतो. 'सर्व हक्क कायमचे' असल्या ओळीवर सही झाली म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही. करारात मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

नेटवरचा बहुतेक सल्ला अमेरिकन, म्हणून तो इथे फसतो. तिकडची पुस्तकं आधी गाणं सरकारदरबारी नोंदवायला सांगतात, कारण तिथे त्याशिवाय दावा लावता येत नाही. आपल्याकडे गाणं रचलं की हक्क जन्मतो, नोंदणीची सक्ती नाही. एक अमेरिकन कागद मात्र टाळू नये. न्यू जर्सीतले मराठी लोक तुमचं गाणं यूट्यूबवर ऐकतात, तेव्हा त्या कमाईवर अमेरिकेचा कर कापला जातो. आपली कर-माहिती आणि पॅन क्रमांक भरून दिला तर दोन देशांमधल्या करारानुसार त्या भागावर पंधरा टक्के. भरलाच नाही तर जगभरच्या कमाईवर चोवीस टक्क्यांपर्यंत. मराठी वाहिन्यांवरच्या कितीजणांनी हा अर्ज 'नंतर बघू' म्हणून ठेवला असेल!

गाजलेल्या नावांचं काय, असं कुणी विचारेल. जळगावकडच्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४ साली चित्रपटाच्या कुबड्यांशिवाय देशभर वाजलं. कडूबाई खरातांचा एकतारीवरचा आवाज मोबाइलवरच्या व्हिडिओंतून महाराष्ट्रभर पोचला. दोन्ही गोष्टी आनंदाच्या, पण कुणी त्यांची कृती विकायला आला तर घेऊ नये. व्हायरल होणं कुणाच्या हातात नसतं. झालंच तर त्या दिवशी आपली वही भरलेली असावी, एवढंच हातात असतं.

राहिला साथीदारांचा प्रश्न. अमांडा पामर या अमेरिकन गायिकेनं २०१२ साली २४,८८३ चाहत्यांकडून जवळपास १२ लाख डॉलर थेट उभे केले. संगीतासाठी त्या काळी तो विक्रम होता. मग दौऱ्यात तिनं गावोगावच्या वादकांना बिनपैशांनी साथीला बोलावलं आणि एवढी टीका झाली की पैसे द्यायचं कबूल करावं लागलं. आपल्याकडे असा गहजब होत नाही, कारण ढोलकीवाल्याला रात्रीची बिदागी पाकिटात मिळते आणि विषय संपतो. गाणं पुढे दहा वर्षं वाजत राहतं. २०१२च्याच दुरुस्तीनं वादक-गायकांनाही ध्वनिमुद्रणाच्या व्यावसायिक वापरातून वाटा मिळण्याचा हक्क दिलेला आहे, आणि त्यासाठी इस्रा, म्हणजे आताची इसाम्रा, ही संस्था आहे. ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच एका कागदावर सगळ्यांची नावं, कोणी काय वाजवलं, टक्केवारी आणि सह्या घ्याव्यात. काही वितरक आता कमाईची वाटणी परस्पर ज्याच्या-त्याच्या खात्यात करून देतात. त्यासाठी ढोलकीवाल्याचा ईमेल लागतो. बहुतेकदा तो नसतो, आणि तेवढ्यावरून त्याचा वाटा गायकाच्या खात्यात जमा होत राहतो. ईमेल उघडून द्यायला दहा मिनिटं लागतात.